साखरेला घाबरलेला पायलट

गोव्यात पायलट म्हटलं की कोणी आकाशाकडे बघत नाही, रस्त्याच्या कडेला बघतात. तिथे पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल उभी असते, तिच्यावर एक माणूस रेललेला असतो आणि बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला तो 'खंय वचपाचें?', कुठे जायचं, असं विचारतो. मागे बसायचं, सांगाल त्या दारात तो उतरवतो. पेडण्याच्या स्टँडवरचा सगुण हा असा पायलट. एके काळी तो इतका काटकुळा होता की त्याच्या मागे एक बाई, बाईची पिशवी आणि पिशवीतला फणस असे तिघे ऐसपैस बसत, आणि वळणावर सगुणच उडून जाईल म्हणून बाई त्याचा शर्ट धरून ठेवी.

पुढे सगुणच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता, पण सगुणला त्याचा पत्ता नव्हता, कारण डोकं दुखलं की तो बाम चोळायचा आणि बामावर त्याची देवाइतकीच श्रद्धा होती. मग डायलिसिसची यंत्रं, सुया, मोजून मापून पाणी. चेहऱ्याचा रंग असा की स्टँडवरची माणसं त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागली. पायलट लोक हळू आवाजात बोलले म्हणजे समजावं की आशा सोडलेली आहे.

त्याला वाचवलं मोठ्या बहिणीनं. सुलोचना साखळीला दिलेली, वयानं सगुणपेक्षा मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी. "माझ्याकडे दोन आसत, एक घेऊन टाक," असं ती म्हणाली. परसातला दुधी द्यावा तितक्या सहज किडनी देऊन टाकली. पण दुधी दिल्यावर त्याची चौकशी करत नाहीत. सुलोचनाचा मात्र रोज सकाळी फोन.

"कशी आसा ती?"

"मी बरो आसां, बाय."

"तुका कोण विचारता? ती कशी आसा?"

सासरी दिलेल्या मुलीची चौकशी व्हावी तशी ही किडनीची चौकशी. पाणी वेळेवर मिळतं का, गोळ्या चुकत नाहीत ना, कोणी त्रास देत नाही ना. सगुण म्हणजे जावई. जावयाच्या तब्येतीशी सासूचा संबंध तेवढ्यापुरता.

ऑपरेशन उत्तम झालं. नवी किडनी दुसऱ्याच्या घरात आली आहे हे शरीराला कळू नये म्हणून रोज गोळ्या घ्यायच्या होत्या, आणि त्यांतल्या एका गोळीनं भूक खवळली. ही साधी भूक नव्हती. आयुष्यभर बशीभर पेजेवर भागवणारा सगुण सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकला की चप्पल न घालता धावू लागला. कोंड्याची पोई हा पाव प्रकृतीला चांगला, असं कोणी तरी सांगितलं होतं. सगुणनं त्याचा अर्थ असा घेतला की एक पोई चांगली, तर चार पोया चौपट चांगल्या. दुपारी भात, माशाचं हुमण, पुन्हा भात. संध्याकाळी चहाबरोबर जे काही डब्यात असेल ते, आणि शेवटी डबा.

बायको विमला खूश. नवरा वाळून चाललेला तिनं डोळ्यांनी बघितला होता, त्यामुळे वाढलेला प्रत्येक किलो तिला स्वतःच्या हातचा वाटे. गाल गोल झाले. पोट शर्टाच्या बटणांशी भांडू लागलं. गावाला हे आजारपण वाटलं नाही. पेडण्यात तब्येत सुधारली म्हणतात ती याचीच. फक्त स्टँडवरचा कृष्णनाथ, सगुणचा जुना सोबती आणि जुना छळवादी, एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "पायलट होतो, आतां विमान झालो. पॅसेंजर खंय बसतलो? पंखार?"

सगुणही हसला. हसण्यासारखंच होतं ते.

पावसाळ्याच्या तोंडावर तपासणीला गेला तेव्हा डॉक्टर गौरवी हसल्या नाहीत. तरुण बाई, पण कागद वाचता वाचता भुवई अशी वर करायच्या की समोरच्याचा जीव तिच्याबरोबर वर जायचा. त्यांनी वजन बघितलं, उपाशीपोटीची साखर बघितली.

"सगुण, साखर अगदी काठावर आहे. नवी किडनी बसलेल्या माणसाला मधुमेह व्हायला वेळ लागत नाही. गोळ्यांमुळे तो धोका आहेच, त्यात तुम्ही हे पोट वाढवलंत. साखर वाढली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. आणि किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका. ही गेली तर दुसरी कुठून आणणार?"

सगुणला बहिणीचा चेहरा आठवला. तिच्याकडे आता एकच उरली होती.

"जेवण निम्मं करा, चाला, गोड बंद. आणि काढे, पाला, कोणाचं नवं औषध, नवं फळ, काहीही घ्यायच्या आधी मला विचारा."

सगुण घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. मरणाला तो इतका घाबरला नव्हता. मरणात आपलं आपण जायचं असतं. इथे बहिणीच्या पोटातून काढलेली वस्तू आपल्या जिभेपायी जाईल, ही भीती होती. मिठाईच्या दुकानासमोरून जाताना तो मोटारसायकल रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला घेई, जणू काउंटरवरचा लाडू उडी मारून तोंडात शिरणार होता. साखर मोजायचं छोटं यंत्र आणलं. बोटांना टोचून टोचून बोटं चाळणीसारखी केली. आकडा काठावरच असे. कधी काठाच्या थोडा अलीकडे, कधी थोडा पलीकडे, आणि त्या थोड्यावर त्या दिवसाची भूक, झोप आणि बायकोशी बोलण्याचा सूर ठरे.

अशात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली.

चवथीला आमच्याकडे घरोघर आरती करत फिरतात. सगुण घुमट, म्हणजे मातीच्या घड्याचं वाद्य, वाजवणारा, म्हणजे त्याच्याशिवाय वाड्यावर आरती उभी राहत नाही. आणि आरती झाली की त्या घरचा प्रसाद. नेवरी म्हणजे करंजी, मोदक, पंचखाद्य. नको म्हणणं हा गणपतीचा अपमान, घराचा अपमान आणि ज्या म्हातारीनं पहाटे उठून नेवऱ्या तळल्या तिचा सर्वांत मोठा अपमान. पहिल्याच दिवशी कमलाक्षीकाकीच्या घरात सगुणनं हात मागे घेतला तेव्हा घुमट थांबल्यावर होते त्याहून मोठी शांतता झाली.

"देवाचो प्रसाद परत?" काकी म्हणाली. "आमच्या घरातलो?"

"काकी, माका साखर वाढतली. किडनी जातली."

"गणपतीच्या मोदकात कसली साखर रे मेल्या? तो प्रसाद!"

सगुण घामाघूम. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला डॉक्टर गौरवी, आणि दोघांच्या मध्ये काकीच्या हातातली ताटली. तेवढ्यात विमलानं वर बघितलं. गणपतीच्या डोक्यावर माटोळी होती. माटोळी म्हणजे आडव्या लाकडी चौकटीला बांधलेली रानातली आणि परसातली फळं: नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कांगली, आणि मधोमध मोठं हिरवट पिवळं तोरंजन. घाटावर ज्याला पपनस म्हणतात तेच.

"काकी, विसर्जन झाल्यावर तें तोरंजन द्या आमका," विमला म्हणाली. "माटोळयेचें, म्हणजे प्रसादच. आणि आंबट, कडवट. साखरेक बरें."

काकीचा चेहरा उजळला. सगुणचाही. देव राखला, काकी राखली, किडनी राखली. बायको असावी तर अशी, असं त्या क्षणी सगळ्या वाड्याला वाटलं. आणि डॉक्टरांना विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. नवं फळ विचारून खायचं होतं. हे नवं कुठे होतं? हे गणपतीच्या डोक्यावरचं होतं, आज्या-पणज्यांच्या काळापासून तिथेच लटकत आलेलं.

बातमी पसरली. माटोळ्या उतरल्या आणि सगुणच्या घरी तोरंजनं येऊ लागली. वाड्यावरून आली, बाजारातून आली, चोपड्याच्या मासेवालीनं टोपलीतून आणून दिली. गावाला अखेर सगुणसाठी काही तरी करता येत होतं. ओसरीवर ती अशी रचली होती की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, सगुणनं गाडी विकून फळांचा धंदा काढला. रोज सकाळी गोळ्या घेतल्या की एक आख्खं तोरंजन सोलून, मीठ लावून. पोईच्या जागी तेच. वजनही किंचित उतरलं. "बघ," विमला म्हणाली, "कडू खाल्लें की साखर पळता."

साखर पळाली नाही. ती वर चढू लागली.

यंत्रावरचा आकडा एके सकाळी काठ ओलांडून बराच आत गेला. सगुणनं दुसऱ्या बोटातून रक्त काढलं. तेही तेच बोललं. गोड नाही, पोई नाही, भात चिमणीएवढा, तरी साखर वाढते, म्हणजे ती आतूनच आली. त्यानं विमलाला सांगितलं नाही. सुलोचनाच्या फोनवर तो म्हणाला, "बरी आसा ती." भीती वाढली तसं त्यानं त्याच्या हिशेबानं शहाणपणाचं काम केलं. संध्याकाळीही एक तोरंजन खायला सुरुवात केली.

मग तहान. मग डोकेदुखी, जिला बामानं गुण येईना. आणि चहाची कपबशी हातात वाजू लागली.

मोरजीत राहणाऱ्या शांताराम मास्तरांना पेडण्याहून घरी सोडायचं होतं. मास्तर निवृत्त, पण अजून सगळ्या जगाला वर्गात बसवून बोलत.

"सगुण, रस्तो गुळगुळीत आसा मरे. मगे गाडी कित्याक थरथरता? प्लग बदल."

"व्हय मास्तर."

"ब्रेक दाबतंस काय गियर? सरळ धर!"

उतारावर सगुणनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. गाडीची थरथर थांबली. हातांची थांबली नाही. हँडलवर ठेवलेले दोन्ही हात पंख्याच्या वाऱ्यात कागद हलावा तसे हलत होते, आणि सगुण त्यांच्याकडे दुसऱ्याच कोणाचे तरी हात असल्यासारखा बघत होता. मास्तर खाली उतरले.  त्यांनी सगुणच्या हातांवर आपले हात ठेवले, तर मास्तरांचे हातही हलू लागले.

"मास्तर," सगुण म्हणाला, "बायची किडनी गेली."

मास्तरांनी कृष्णनाथला फोन केला. कृष्णनाथ आला, आणि येताना एकही विनोद आणला नाही.

इस्पितळात रक्त घेतलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टर गौरवी पलंगापाशी उभ्या होत्या, भुवई वर. किडनी किती काम करते ते दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा वर गेला होता, म्हणजे किडनी मागे हटत होती. साखर दुप्पट. आणि किडनी टिकवणाऱ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण हवं त्याच्या तिप्पट.

"गोळ्या जास्त घेतल्या?"

"ना. मोबाईलची घंटा वाजली की एकच."

"दुसरं कुठलं औषध? ताप, खोकला, दुकानातून मागून आणलेलं?"

"ना."

"काढा? जडीबुटी? खरं सांगा. रागावणार नाही."

"देवाची शपथ, ना."

डॉक्टरांनी विमलाकडे बघितलं. विमलानं नवऱ्याकडे. तिला आता वेगळीच शंका. "तुमी चोरून नेवऱ्यो खाल्ल्यात?" ती कुजबुजली. सगुणला रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नेवरी सोडली होती, आणि पहिल्यांदाच त्याच्यावर नेवरीचा आळ आला होता.

"औषधाचं प्रमाण उतरवायला आजची गोळी थांबवते," डॉक्टर म्हणाल्या. "पण शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केली आहे का, तेही बघावं लागेल. उद्या सुई घालून किडनीचा तुकडा तपासायला घेऊ." त्यांनी आवाज सपाट ठेवला होता. सपाट आवाज फार भीतिदायक असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळीहून सुलोचना आली. तिच्या येण्याची सगुणला सुईपेक्षा जास्त धास्ती. ती ओरडेल, कशी आहे ती विचारेल, आणि त्याला सांगावं लागेल. सुलोचना पलंगाशी बसली. पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"कसो आसा तू?" तिनं विचारलं.

सगुणनं तोंड भिंतीकडे वळवलं. ती किडनीबद्दल विचारत नाही. म्हणजे तिनंही ती गेली असं धरलं. "बाय, माका शिव्या घाल," तो म्हणाला. तिनं घातल्या नाहीत. फक्त त्याचा हलणारा हात आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरला, बाजारात हरवू नये म्हणून पोराचा धरतात तसा.

दुपारी भेटायच्या वेळेत कृष्णनाथ आला. अपराधी चेहऱ्यानं, हातात स्टीलचा डबा. विमानाचा विनोद त्याला आता छातीत टोचत होता.

"सुई दोन वाजतां मरे? त्याआधी हें खा. घरवालेन सोलून दिलां. मीठ बरोबर आसा."

डबा उघडला. गुलाबी फोडी, एकीला एक चिकटलेल्या. डॉक्टर गौरवी शेजारच्या पलंगाकडून वळल्या, वास आला म्हणून थांबल्या आणि डब्यात बघितलं.

"हे काय?"

"तोरंजन, डॉक्टर," कृष्णनाथ अभिमानानं म्हणाला. "साखरेवर औषध. तो रोज खाता. आख्खो गाव पाठयता."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ," सगुण म्हणाला. शहाण्या मुलासारखा.

डॉक्टरांनी डबा हातातून काढून घेतला आणि झाकण इतक्या जोरात लावलं की वॉर्डातले सगळे वळले. त्या रागावल्या नाहीत, पण खुर्चीवर बसल्या. डॉक्टर वॉर्डात खुर्चीवर बसलेली सगुणनं कधी बघितली नव्हती.

"मी विचारलं होतं, काही खाता का म्हणून."

"औषध विचारलें," विमला पुटपुटली. "हो प्रसाद."

मग डॉक्टरांनी समजावलं. गोळी पोटात गेली की तिचा बराचसा भाग आतडं आणि यकृत मोडून टाकतं. तेवढी मोडतोड धरूनच डॉक्टर गोळी ठरवतात. हे तोरंजन काय करतं, तर मोडतोड करणाऱ्या त्या सगळ्यांना रजेवर पाठवतं. "चवथीत सरकारी ऑफिसात कोणी असतं का? तसं. आत गोळ्या येतायत, फायली साचतायत, निपटारा करायला कोणी नाही. साचलेल्या गोळीनं हात हलतात, साखर वाढते आणि ज्या किडनीसाठी गोळी आहे तीच किडनी ती जाळते. साखर वाढली म्हणून तुम्ही घाबरून आणखी खाल्लंत, म्हणून साखर आणखी वाढली."

 कृष्णनाथनं डब्याकडे साप बघावा तसं बघितलं. विमलाच्या तोंडाचा रंग उतरला. गणपतीच्या डोक्यावर तिनंच बोट दाखवलं होतं. सुलोचनानं भावजयीकडे नजर टाकली तेव्हा सगुणला वाटलं, आता स्फोट. पण सुलोचना म्हणाली, "आमच्याकडचें तोरंजन मीच पाठयलें होतें गो. दोन." आणि मग डॉक्टरांना, "किडनी वाचतली?"

"सुई आज नको. फळ बंद, प्रमाण उतरू दे. दोन दिवस बघू. उतरलं तर कळेल. नाही उतरलं तरी कळेल."

ते दोन दिवस सगुण पलंगावर पडून आपल्याच पोटाचा आवाज ऐकत होता. सकाळ-संध्याकाळ रक्त जायचं. नर्स कागद घेऊन दारात आली की तिच्या चालीवरून तो आकडा ओळखायचा प्रयत्न करी, आणि नर्स बिचारी पायाला फोड आल्यामुळे लंगडत असे, तर सगुण, विमला आणि सुलोचना तिघंही पांढरी पडत. पहिल्या दिवशी क्रिएटिनिनचा आकडा तसाच. दुसऱ्या सकाळी तसाच. दुसऱ्या संध्याकाळी खाली आला. पुढे आणखी आला. जुन्या जागेपर्यंत मात्र गेला नाही.

"किडनी राहिली," डॉक्टर म्हणाल्या. "थोडं गमावलं. ते परत येईल की नाही आज सांगता येत नाही. साखर अजून आहे. इन्सुलिन घ्यायचं, वजन उतरवायचं. सहा महिन्यांत साखर जाईलही, राहीलही. आणि सगुण, काहीही नवीन..."

"विचारून, डॉक्टर."

सगुण घरी आला. ओसरी रिकामी होती. विमलानं उरलेली तोरंजनं खड्डा खणून पुरली होती, गाईलाही घातली नव्हती. सुलोचना आठ दिवस राहायला आली. पहिल्या दुपारी विमलानं एक वाटी भात, बांगड्याचं पातळ हुमण आणि परसातली तांबडी भाजी वाढली. सगुणनं भाजीकडे बघितलं. ती भाजी तो दात आल्यापासून खात होता.

"हें विचारूंक जाय?" तो म्हणाला.

"तांबडी भाजी?" सुलोचना म्हणाली. पण तिनंही घास हातातच ठेवला.

सगुणनं फोन लावला. डॉक्टर ओपीडीत. पुन्हा लावला. हुमणावर साय धरली. विमला म्हणाली, भाजी बाजूक काढूं? सगुण म्हणाला, थांब. भात थंड झाला. तिघं ताटांभोवती बसून त्या लालसर ढिगाकडे बघत राहिली.

फोन वाजला.

"खा," डॉक्टर म्हणाल्या. मागे कोणाचं तरी मूल रडत होतं. "तांबडी भाजी खा. भात तेवढाच."

सगुणनं फोन खाली ठेवला. एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग हात तसाच ताटावर ठेवून तो आत काही होतंय का ते ऐकत बसला. त्याच्याकडे बघून सुलोचनानं चावणं थांबवलं. विमलानंही.